यामनाच्या हजचे पैसे

“पडू देत तिथंच!” मामा म्हणाला. “सरकारी तिजोरीत आहेत ना? मग सुखरूप आहेत. नोटांना काही बुरशी लागत नाही.”

“आईचे पैसे आहेत, मामा.”

“माझ्या बहिणीचे आहेत.”

“एकाच बाईचे आहेत रे. दोघींचे असल्यासारखा भांडू नकोस.”

“मी भांडतोय? मी? सकाळपासून दाराला पाठ लावून कोण बसलंय? तिकडे घाण्यावर पोती पोती ऑलिव्ह येऊन पडलीत, मालक शिव्या घालत असेल, आणि ही बया मला घराबाहेर पडू देत नाही!”

“सही करतो म्हण. लगेच सोडते.”

मामा आईच्या गादीवर धपकन बसला आणि त्याच वेगानं किंचाळत उठला. गादीत सुई होती. आईला जाऊन आठ महिने झाले होते, पण तिच्या सुया अजून घरभर सापडत होत्या. गादीत, पडद्यात, साखरेच्या डब्याच्या झाकणाला टोचलेल्या.

“बघ,” मामा मांडी चोळत म्हणाला. “जिवंतपणी टोचली ती टोचलीच, आता वरूनही टोचतेय.”

“सही कर म्हणतेय ती.”

त्याला हसू आलं. मलाही आलं. पण ते ओठांवरून उतरायच्या आत त्याचा चेहरा पुन्हा घट्ट झाला. “हसण्यावारी नेऊ नकोस, बतूल. बारा माणसं लागतात. बारा पुरुष दस्त करणाऱ्या अदूलसमोर बसवायचे. त्यांनी शपथेवर सांगायचं, की यामना मेली आणि तिच्या मागे अमुक इतके वारस राहिले. मग त्याचं वारसपत्र होणार, मग ते न्यायाधीशाकडे जाणार, आणि मग ते पैसे सुटणार. कुठून आणशील बारा? गल्लीतूनच ना?”

“गल्लीतूनच.”

“आणि गल्ली काय सांगणार? ‘एक भाऊ आणि एक मुलगी.’ शपथेवर सांगणार! मग अदूल म्हणणार, मुलीचं ओळखपत्र दाखवा. आणि त्या ओळखपत्रावर आईच्या नावापुढे काय लिहिलंय?”

मी पाठीमागची कडी चाचपली.

“बोल ना आता. इतका वेळ तर तोंडाचा पट्टा चालू होता.”

“दुसरंच नाव लिहिलंय.”

“दुसरंच नाव लिहिलंय,” मामा म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता त्याचा. “म्हणजे मी तिथं उभं राहून सांगायचं, की लोकहो, माझी बहीण एकोणतीस वर्षं तुमच्या तोंडावर खोटं बोलत आली. आत्ताच मातीत गेलीय ती. मी नाही सांगणार.”

“तू नको सांगू. मी सांगते.”

“आणि दुसऱ्या दिवशी कणकेची फळी डोक्यावर घेऊन भट्टीवर जाशील तेव्हा?”

“तेव्हा पाव भाजून आणीन. भट्टीला काय करायचंय, कोण कुणाच्या पोटचं ते?”

“भट्टीला नाही करायचं. भट्टीसमोरच्या बायकांना करायचंय!” त्यानं चपला पायात सरकवल्या. “कागदावर तू तिची कुणी नाहीस. वारस मी एकटा. सही माझी लागते आणि मी ती करणार नाही. हो बाजूला.”

मी बाजूला झाले. महजूब मामाला मी आयुष्यात कधी अडवू शकले नव्हते. तो लंगडत, मांडी चोळत, गल्लीतून घाण्याकडे गेला. म्हातारा माणूस पैसे नको म्हणून भांडतो आणि ज्या मुलीला त्यातला छदामही मिळणार नाही ती ते मिळावेत म्हणून दारात आडवी पडते, असं भांडण आमच्या सफ्रू गावात त्याआधी झालं नसेल.

मला ते पैसे कशाला हवे होते ते सांगते. पण त्यासाठी आधी आई सांगायला हवी.

आई बटणं करायची. आमच्या गावात निम्म्या बायका तेच करतात. आमच्याकडच्या पायघोळ जलाब्याला गळ्यापासून खालपर्यंत बटणांची रांग लागते, शंभरावर बटणं. रेशमासारख्या दोऱ्याचं एकेक बटण सुईनं विणून, गाठी मारून करायचं. दुपारी सगळ्या उंबऱ्यांवर बायका बसलेल्या, मांडीवर दोऱ्याची लडी, तोंडात दुसऱ्याच्या घरची बातमी. आई मात्र तोंडात दोरा धरून बोलायची, त्यामुळे तिचे निम्मे शब्द नुसते हुंकार असायचे आणि तरी सगळ्या गल्लीला कळायचे.

“हं हंऽ हं,” ती म्हणायची, आणि समोरची इट्टो उत्तर द्यायची, “नाही गं, तो नव्हे, त्याचा धाकटा भाऊ.”

बटणाच्या पोटात कागद असतो. बारीक पट्टी कापून गुंडाळलेली. हल्ली प्लास्टिकच्या नळीचे तुकडे घालतात, पण आईला प्लास्टिक चालायचं नाही. “माणसाच्या छातीवर बसायचंय ते. कचरा घालू?” मग कागद कुठला? माझ्या वह्यांचा. वर्ष संपलं की माझ्या वह्या तिच्या कात्रीखाली जायच्या. माझं चौथीचं व्याकरण, पाचवीची सगळी गणितं, बाईंच्या लाल फुल्यांसकट, बटणांत गेली. गुरुवारी बाजाराच्या दिवशी फास शहराहून व्यापारी यायचा, बटणांच्या माळा मोजून घ्यायचा. तो गेला की आई मला म्हणायची, “चला. तुझी चुकलेली गणितं निघाली राजधानीला. आता कुणी मंत्री घालून फिरेल.”

मी खूप हसायचे. अजूनही रस्त्यात कुणाचा चांगला जलाबा दिसला की नजर आधी बटणांवर जाते.

ती फासला लग्न होऊन गेली होती. नवरा बसवर कंडक्टर होता. तो तापानं गेला आणि मग ती तिथल्या एका दवाखान्यात फरशी पुसायला लागली. तिशी ओलांडलेली विधवा बाई. दीड वर्षानं ती सफ्रूला परत आली, ती एक पत्र्याची पेटी आणि मला घेऊन. मी बावीस दिवसांची होते. गल्लीला तिनं सांगितलं, “माझी मुलगी.” बस, एवढंच. कुणी पुढं विचारलं नाही, असं मामा म्हणायचा. मी त्या दवाखान्यात कुणीतरी मागे ठेवून गेलेली होते आणि न्यायाधीशासमोर सही करून तिनं मला सांभाळायला घेतलं होतं, हे फक्त मामाला ठाऊक होतं. तो तिच्याबरोबर फासच्या न्यायालयात गेला होता ना.

मला कळलं ते अठराव्या वर्षी, बारावीच्या परीक्षेसाठी ओळखपत्र काढलं तेव्हा. मी ते कार्ड घेऊन घरी आले. आई बटण करत होती.

“यावर तुझं नाव नाही,” मी म्हटलं.

तिनं कार्ड घेतलं नाही. सुई चालूच ठेवली. मग ते बटण उसवलं. दुसरं घेतलं, तेही उसवलं. आईला बटण उसवताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. तिसरं उसवल्यावर म्हणाली, “हो. त्या लोकांनी कुठलं तरी नाव घातलंय. लिहावंच लागतं म्हणे काहीतरी.”

“मग मी कुणाची?”

“असला प्रश्न उपाशीपोटी विचारू नये. मसूर गरम करू?”

मी जेवले. ती माझ्यासमोर बसून राहिली, हात मांडीवर, सुई नाही, दोरा नाही. ताट उचलताना म्हणाली, “गल्लीला सांगायचं असेल तर सांग. तुझं तू ठरव. मी एकदा बोलले ते बोलले.” मी नाही सांगितलं. त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. कारण उरलंच काय होतं?

आणि हज. वीस वर्षं तिनं बटणांतून बाजूला काढलं. बँकेत नाही, इट्टोकडे नाही, भावाकडे तर नाहीच. रव्याच्या डब्यात, रव्याच्या खाली. पुरेसे जमल्यावर ती सोडतीसाठी नाव द्यायला लागली. जाणारे शेकडो आणि जागा थोड्या, म्हणून वॉर्डाच्या कचेरीत बरणीतून चिठ्ठ्या काढतात. दरवर्षी ती चांगला जलाबा घालून जायची आणि दरवर्षी हात हलवत यायची.

“काय झालं, लल्ला यामना?” भट्टीच्या तोंडाशी बसलेले बा अल्लाल विचारायचे. आमच्या गल्लीची भट्टी त्यांची, आणि बाईमाणसाला ते मानानं ‘लल्ला’ म्हणायचे. कुठल्या घरची कणीक कुठली, ते फळीवरचं फडकं न उचलता ओळखायचे.

“काय व्हायचंय? नाव नाही आलं.”

“अल्लाला तू इतक्यात नकोयस. बटणं राहिलीत करायची.”

“त्याला बटणं लागत नाहीत, बा. तुम्हाला लागतात. तुमच्या जलाब्याचं तिसरं तुटलंय, काढा इकडे.”

सातव्या वर्षी नाव आलं. ती कचेरीतून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर जीभ नाचवत आनंदाचा जो काही उलूलू केला तिनं, की गच्चीवरच्या बायकांनी कुणाला मूल झालं की कुणाचं लग्न ठरलं ते कळायच्या आधीच खालून वरून त्यात आपला आवाज मिसळला.

पैसे भरले, साठ हजारांवर दिरहम, डबा झटकून. आणि मग तिनं सराव सुरू केला. गल्लीच्या चौकात जुनं कारंजं आहे, त्याला पाणी नाही. आई रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, त्याच्याभोवती सात फेऱ्या घालायची, मक्केत काबाभोवती घालतात तशा. मागून इट्टो, इट्टोच्या मागे आणखी तिघीचौघी, ज्यांना कुठंही जायचं नव्हतं.

“ही पाचवी.”

“सहावी गं.”

“पाचवी! मी सुया टोचतेय ना बाहीला, मोज.”

“यामना, तिथं लाखो माणसं असतात, तिथं काय सुया टोचणार?”

“मग तिथं चुकू दे. इथं तरी बरोबर होऊ दे.”

भट्टीतून बा अल्लाल ओरडायचे, “सैतानाला दगड मारायचा सराव करायचा असेल तर आधी सांगा गं! मी आत जातो!”

त्या दिवसांत तिनं स्वतःसाठी पांढरा जलाबा शिवायला टाकला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कपड्यासाठी बटणं केली. कागद मात्र माझ्या वह्यांचा नव्हता, वह्या केव्हाच संपल्या होत्या. विजेची बिलं घातली. एकशे दहा बटणं व्हायची होती, ब्याण्णव झाली. रमजानच्या आधी तिच्या छातीत दुखायला लागलं. चार दिवस दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी मी तिच्या ओठांना पाणी लावत होते तेव्हा म्हणाली, “नाही जमलं, तर कुणाला तरी माझ्या नावानं पाठव. ज्यानं स्वतःची हज केलीय अशाला. मशिदीतल्या फकीहना विचार, ते सांगतील.”

“तूच जाशील,” मी म्हटलं. असंच म्हणतात ना.

“पाठवशील की नाही ते सांग.”

“पाठवीन.”

म्हणून मला ते पैसे हवे होते. हज खात्यानं तर काही अडवलंच नव्हतं. प्रवासाआधी माणूस गेलं की भरलेली रक्कम वारसांना परत मिळते, वारसपत्र आणा आणि घेऊन जा, एवढंच खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं होतं, वर सांत्वनही केलं. अडलं होतं ते आमच्याच उंबऱ्यावर. फकीहांची स्वतःची हज झालेली होती आणि ते स्वतःच जायला तयार होते, पण पुढच्या हंगामाचं त्यांना हिवाळ्यातच ठरवावं लागणार होतं. आणि मामा म्हणत होता, पडू देत तिथंच.

भांडणानंतर नऊ दिवस तो आला नाही. दहाव्या दिवशी मी घाण्यावर गेले. तो दगडी चाकाजवळ उभा होता, कोपरापर्यंत तेलात.

“तुझ्या बहिणीनं काय सांगितलं होतं ते तुला सांगायचं राहिलं,” मी म्हटलं आणि दवाखान्यातलं सगळं सांगितलं.

त्यानं हात पुसले. बराच वेळ पुसले. “हे पहिल्यांदाच का नाही सांगितलंस?”

“तू ऐकून कुठं घेत होतास? ‘नोटांना बुरशी लागत नाही’ म्हणालास.”

“मला वाटलं, तुला छप्पर दुरुस्त करायचंय.”

“छपरासाठी मी दारात आडवी पडेन?”

“तुझ्या आईची मुलगी आहेस, कशासाठीही पडशील,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन चाकाकडे वळला. मग पाठमोराच म्हणाला, “बारा माणसं तू गोळा कर. माझ्या तोंडून नाही निघणार.”

मी दारोदार फिरले. बा अल्लाल, इट्टोचा नवरा, न्हावी, शेजारचे दोघे चुलत भाऊ, मशिदीची किल्ली ठेवणारे आजोबा, असे करत अकरा झाले. मी नुसतं म्हणायचे, “आईच्या कागदासाठी साक्ष द्यायला याल का?” आणि प्रत्येक जण नुसतं विचारायचा, “कधी?” कशाची साक्ष, काय सांगायचं, कुणीच विचारलं नाही. बारावा म्हणून बा अल्लालचा धाकटा मुलगा अन्वर आला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्यानं मात्र विचारलं, “मला काय बोलावं लागेल? मी लाजतो.”

“तू नको बोलूस. मीच बोलणार आहे.”

मी वाक्य तयार केलं होतं. आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिलं होतं. ‘मी यामनाच्या पोटची नाही, तिनं मला सांभाळलं.’ सात शब्द. पहिले चार नीट यायचे. पाचव्याला आवाज कुठं जायचा कोण जाणे. मग मी आधी दुसरा भाग म्हणून पाहिला, तर पहिला राहून जायचा.

अदूलची कचेरी किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर. लाकडी जिना, वर दोन टेबलं. नियमाप्रमाणे दोन अदूल: बोलणारे सी मकवार आणि लिहिणारे दुसरे, ज्यांचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला नाही. खुर्च्या सहा. बारा साक्षीदार, मामा आणि मी.

“म्हातारे बसा, तरुण उभे राहा,” सी मकवार म्हणाले.

न्हावी खुर्चीकडे सरसावला. “तुम्ही म्हातारे?” सी मकवारांनी चष्म्यावरून पाहिलं.

“साठ पूर्ण व्हायला दोन महिने आहेत.”

“मग दोन महिने उभे राहा.”

ओळखपत्रं गोळा झाली. चुलत भावांपैकी एकाच्या कार्डाची मुदत संपलेली. दोघं भाऊ त्यावरून तिथंच जुंपले, “तुला सांगितलं होतं,” “तू काय सांगितलं होतंस, तू तर बकरीबद्दल बोलत होतास.” शेवटी खालचा किल्लीवाला बारावा म्हणून वर आला. त्यानं आईकडून वीस वर्षं बटणं घेतली होती, ओळख पक्की. मामा कोपऱ्यात भिंतीकडे पाहत होता. माझं कार्ड पिशवीत होतं आणि ते मागितलं जायच्या आधी मला बोलायचं होतं.

सी मकवारांनी मृत्यूचा दाखला वाचला. आईचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, तारीख. मग मान वर केली. “साक्षीदारहो, तुम्ही या बाईला ओळखत होतात?”

“होतो,” सगळे एकदम.

“कागदाला गर्दीचा आवाज ऐकू येत नाही. एकानं सांगा, बाकीच्यांनी हो म्हणा.”

सगळ्यांनी बा अल्लालकडे पाहिलं. मी उठले. “एक मिनिट,” मी म्हटलं, “त्यांनी सांगायच्या आधी मला...”

“बस गं तू,” बा अल्लाल म्हणाले. भट्टीसमोर पोरांना बाजूला सारतात तसं, अंगठ्यानंच. मी बसले.

“तिच्या मागे वारस कोण?” सी मकवारांनी विचारलं.

“तिचा सख्खा भाऊ. महजूब. हा बसलाय.”

“आणखी?”

“आणखी कुणी नाही.”

मग उभ्या रांगेतून अन्वर म्हणाला, “आणि बतूल?”

“तुला कुणी विचारलं?” बा अल्लाल.

“अहो पण बाबा, ती... तिची मुलगी!”

“लाजतोस ना तू? मग लाज.”

सी मकवारांनी लेखणी उचललेल्या जोडीदाराला हातानं थांबवलं. “थांबा. शपथेचं काम आहे. मृत स्त्रीला अपत्य होतं का?”

“पोटचं नव्हतं,” बा अल्लाल म्हणाले.

“आणि पोटचं नसलेलं?”

“ते तुमच्या कागदात बसतं का?”

“वारसपत्रात? नाही बसत.”

“मग लिहू नका.”

सी मकवारांनी बाकीच्यांकडे पाहिलं. “बाकीचे काय म्हणतात?”

“तेच,” इट्टोचा नवरा म्हणाला. “तेच,” मशिदीवाले आजोबा. “तेच,” न्हावी. एकेक करत दहा जण. कुणी मान खाली घालून, कुणी खिडकीतून बाहेर बघत. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. शेवटी अन्वर राहिला. तो माझ्याकडे बघत होता, तोंड उघडं टाकून, बिचारा. मी त्याला मान हलवून हो म्हटलं. “तेच,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

भिंतीशी मामा हळूच उठला. “तुम्हा सगळ्यांना...” एवढंच म्हणाला आणि परत बसला.

मी तिथं बसून राहिले. माझं वाक्य कुणाला लागलंच नव्हतं. आणि एकेक गोष्ट आठवायला लागली. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या जन्माची गोष्ट आहे. गच्चीवर कपडे वाळत घालताना बायका त्या पुन्हा पुन्हा सांगतात. अन्वर झाला तेव्हा बर्फ पडलं होतं आणि सुईण घसरली. न्हाव्याची मुलगी झाली ती चेरीच्या जत्रेच्या दिवशी, मिरवणुकीचे ढोल आत ऐकू येत होते. माझ्या जन्माची गोष्ट कुणी कधी सांगितली नव्हती. मला वाटायचं, मी फासला झाले म्हणून त्यांना ठाऊक नाही. शाळेत कुणी म्हणालं की तू आईसारखी दिसत नाहीस, तर इट्टो ताडकन म्हणायची, “यामना लहानपणी अस्सीच होती, मला विचार!” इट्टो आईपेक्षा बारा वर्षांनी लहान. तिला काय ठाऊक आईचं लहानपण? आणि आईला वाटत राहिलं, की आपण एकदा बोललो आणि गल्लीनं मान्य केलं. मान्यच केलं होतं म्हणा.

मसुदा वाचून झाला. सह्या, अंगठे सुरू झाले. मामानं सही केली, तीही अशी दाबून की कागदाला भोक पडेल. “न्यायाधीशाची मोहोर व्हायला पंधरा दिवस,” सी मकवार म्हणाले. “मग पैशांचा अर्ज करा.”

“पैसे माझे नाहीत,” मामा त्यांना म्हणाला, कुणी विचारलं नव्हतं तरी. “तिच्या हजसाठी आहेत. फकीह जाणार आहेत तिच्या नावानं.” मग माझ्याकडे वळून, “त्यांच्याशी तू बोल. मला असलं नीट बोलता येत नाही. आजच जा, संध्याकाळच्या आत.”

“जाते.”

“आणि छपराचं...”

“मामा, छपराचं राहू दे रे आता.”

माणसं एकेक करत जिना उतरत होती. न्हावी पुन्हा आपल्या वयाचं काहीतरी सांगत होता, चुलत भाऊ खाली रस्त्यावर बकरीवरून भांडत होते. सगळ्यात शेवटी बा अल्लाल राहिले. त्यांचा अंगठा उठत नव्हता. चाळीस वर्षांच्या भट्टीनं रेषा खाल्ल्या होत्या. तीनदा शाई लावली, तीनदा नुसता काळा ठिपका. सी मकवार कंटाळून म्हणाले, “चालेल, ठिपका तर ठिपका, सही करा वर.” बा अल्लालनी टेबलावर वाकून आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर थांबून थांबून.

मी त्यांची काठी घेऊन दाराशी उभी होते.

“बा,” मी म्हटलं, “कधीपासून ठाऊक होतं?”

त्यांनी काठी घेतली. शाईचा अंगठा जलाब्याला लागू नये म्हणून हात लांब धरला होता.

“पहिल्या दिवसापासून? की नंतर कुणी सांगितलं? बा? सगळ्यांना? इट्टोला पण?”

त्यांनी दुसऱ्या हातानं टोपी पुढं ओढली, एक पाय खालच्या पायरीवर टाकून काठी टेकवली, मग दुसरा पाय, आणि कठड्याला न धरता हळूहळू जिना उतरून बाहेर निघून गेले.